टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरसाठी मायक्रोसॉफ्टने 'गो' का निवडली?

मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की टाइपस्क्रिप्टचा कंपायलर 'गो' भाषेत आणला जातोय. घोषणा केली अँडर्स हेल्सबर्ग यांनी. सी शार्प आणि खुद्द टाइपस्क्रिप्ट त्यांनीच घडवलेल्या. मग त्यांनी आपली सी शार्प सोडून गूगलमध्ये जन्मलेली भाषा का घेतली? आणि रस्ट का नाही? यावर बराच वाद झाला.

आधी आकडे बघू. व्हीएस कोडचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद लागत होते, नव्याला ७.५. जुना कंपायलर जावास्क्रिप्ट इंजिनवर चालतो, गोचा प्रोग्राम मात्र थेट मशीन कोड बनतो. टीमच्या मते साधारण निम्मा फायदा इथून आला आणि निम्मा काम अनेक कोअरवर वाटता आल्यामुळे.

मग रस्ट का नाही?

मशीन कोड तर रस्टही बनवते. पण टीमला कंपायलर नव्याने लिहायचा नव्हता, आहे तसा हलवायचा होता. नव्याने लिहिला की वागणूक बदलते आणि लोकांचे चालू प्रोजेक्ट अडतात. जुन्या कोडमध्ये क्लास फारसे नव्हते, मुख्यतः फंक्शन्स आणि साधा डेटा. गोमध्येही कोड असाच लिहितात. शिवाय कंपायलर कोडचं जे झाड बनवतो, त्यात पालक नोड मुलाकडे बोट दाखवतो आणि मूल पालकाकडे. असे गोल फिरणारे संदर्भ रस्टमध्ये सांभाळणं जिकिरीचं आहे. गोमध्ये ती मेमरी गार्बेज कलेक्टर बघतो.

नवीन शिकणाऱ्यांनी काय घ्यावं?

गोमध्ये कीवर्ड फक्त २५. इनहेरिटन्स नाही, ट्राय-कॅच नाही, लूपसाठी एकटा 'फॉर'. एरर ही साधी व्हॅल्यू म्हणून परत येते आणि ती तुम्हीच तपासायची. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं, पण चूक कुठे हाताळली आहे ते कोडमध्ये समोर दिसतं.

म्हणून क्रम असा ठेवा: फंक्शन आणि स्ट्रक्ट, मग स्लाइस आणि मॅप, मग एरर, मग इंटरफेस. गोरूटीन सगळ्यात शेवटी. बरेच जण थेट गोरूटीनवर उडी मारतात. मग दोन गोरूटीन एकाच वेळी एका मॅपमध्ये लिहायला जातात, प्रोग्राम कोसळतो आणि कारण सापडत नाही. तिथपर्यंत पोचलात की गोसोबतच येणारा रेस डिटेक्टर वापरायची सवय लावा.

डॉकर आणि कुबरनेटीससुद्धा गोमध्येच लिहिलेले आहेत, त्यामुळे बॅकएंड आणि क्लाउडच्या कामात ही भाषा भेटतेच. 'कोणती भाषा सगळ्यात भारी?' या प्रश्नात पहिली नोकरी शोधणारे महिनोन्‌महिने घालवतात. हेल्सबर्ग यांच्या टीमने विचारलेला प्रश्न वेगळा होता: आपल्या हातात असलेला कोड कुठे नीट बसेल? नोकरीतही बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहिलेला कोडच हातात येतो. तो वाचता आणि बदलता येणं हे खरं कौशल्य, आणि छोटी भाषा त्यासाठी सोयीची.