घड्याळ घ्या, पण आधी रक्त तपासा

पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे अंधारातच दवनीवाड्याच्या रस्त्यांवर धावू लागतात. पूर्वी त्यांच्यातल्या एखाद्याजवळ वडिलांचे चावीचे एच.एम.टी. असायचे. आता मनगटावर वेळेसोबत नाडीचे ठोके, पावले, अंतर, रक्तातला प्राणवायू आणि झोपसुद्धा सांगणारे घड्याळ असते. धानाचे चुकारे हाती आले की घरोघरी या घड्याळाचा हट्ट सुरू होतो आणि वडील दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टरसाहेब, घेऊन द्यावे का?"

माझे उत्तर ठरलेले आहे. ऐपत असेल तर जरूर द्या. परंतु मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, ते आधी सांगा. घड्याळाचा आणि सिकलसेलचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. तोच आज पाहू.

प्रथम घड्याळाविषयी. नाडी आणि घड्याळ यांचे नाते जुनेच आहे. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ वापरले आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजच्या घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालील रक्त कमी-जास्त होते, तसा परतणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला, हात फार हलला किंवा मनगटावर गोंदण असले तर हा हिशेब चुकू शकतो.

अंतर मोजण्यासाठी घड्याळ २० हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचा आधार घेते. त्यातही थोडा फरक पडतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तिथे काही सेकंदांनी गुण जातात. म्हणून मैदान टेपने मोजून खुणा करणे अधिक भरवशाचे. पावलांचेही तसेच. रोज १० हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईची पावले घड्याळात थोडीच भरतील, म्हणून तिला आळशी म्हणायचे काय?

प्राणवायूचा आकडा मनगटावर पाहून आजाराचे निदान करू नये. सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो, असा दावा करणारे घड्याळ तर घेऊच नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

मग उपयोग काय? एक उपयोग मला मोलाचा वाटतो. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, नाडीचे ठोके रोज पाहावेत. नेहमी ६० असणारे ठोके एखाद्या सकाळी ७० च्या वर दिसले, तर ताप येऊ घातला असेल, झोप अपुरी झाली असेल किंवा सराव अति झाला असेल. त्या दिवशी विश्रांती घ्यावी. अर्थात हे काम अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून फुकटातही होते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय भरतीचा सराव करूच नये. वाहकाचे मात्र वेगळे आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेला असल्याने तो सहसा धडधाकट असतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते.

अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही, ही दिलाशाची गोष्ट. मात्र अति श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका त्यांच्यात ५४ टक्क्यांनी जास्त होता. फुटलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात जाऊन ती निकामी करू शकते. ऊन, पाण्याची कमतरता आणि सवय नसताना जीव तोडून धावणे या गोष्टी धोका वाढवतात. आपल्याकडे नवतपा किती तापतो, हे सांगायला नको.

म्हणून वाहकाने धावू नये, असे मुळीच नाही. त्याने आणि खरे तर सर्वांनीच पुढील पथ्ये पाळावीत. सराव आठवड्या-आठवड्याने वाढवावा. ऊन चढण्यापूर्वी थांबावे. आधी, मधे आणि नंतर पाणी प्यावे. तापात किंवा जुलाबात धावू नये. पाय अचानक दुखू लागले वा लुळे पडल्यासारखे वाटले तर घड्याळातील आकडा कितीही चांगला असो, जागीच बसावे. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धावणारा बरळू लागला किंवा कोसळला तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तीत ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांच्या तपासणीचा समावेश आहे. सरकारी आरोग्य केंद्रात या तपासणीला पैसे पडत नाहीत. काही मंडळी लग्न जुळणार नाही या भीतीने तपासणी टाळतात. उलट दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक अपत्यामागे चारात एक शक्यता सिकलसेल रुग्णाची असते. मग लग्नापूर्वी कळलेले बरे की नंतर?

हजारो रुपयांचे घड्याळ ठोके मोजेल, अंतर मोजेल, झोपही मोजेल. पण विळ्याच्या पेशी त्याला दिसत नाहीत. त्या पाहायला रक्ताचे काही थेंब पुरतात. या आठवड्यात घरातील धावणाऱ्या मुला-मुलीला आरोग्य केंद्रात घेऊन जा. घड्याळाचे दुकान त्यानंतरही उघडेच असेल.