नावं ठेवणे

आपल्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. माझ्या भाच्याच्या लेकीची मी आत्या नाही, आत्याआजी. त्यामुळे बारशाला तो मान माझा नव्हताच. पण ती साडेपाच महिन्यांची असताना मी तिला नावं ठेवली. नाव नव्हे, नावं! एका अनुस्वारापायी घरात किती महाभारत होऊ शकतं ते तेव्हा कळलं.

झालं असं की रविवारी दादाकडे जेवायला गेले होते. छकुली मांडीवर होती, माझ्या चष्म्याची दांडी ओढत होती. अगदी जवळून बघताना वाटलं, हिचा डावा डोळा नाकाकडे जातोय का? पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. आणि पानावर बसता बसता माझ्या तोंडून निघून गेलं, "हिचा डोळा जरा तिरळा वाटतो का गं?"

आमटीची वाटी हातात तशीच धरून वहिनी म्हणाली, "आमच्याकडे नाही हो कुणाला तसलं काही." दादा म्हणाला, चिमणाळं फार जवळ टांगलंय, जरा वर घ्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, थोडं चकणं असणं भाग्याचं असतं. भाचेसून काहीच बोलली नाही. लेकीला उचलून आत निघून गेली.

आता मी असं का बोलले ते सांगते. माझा स्वतःचा डावा डोळा आळशी आहे. हे मला कळलं १९८४ साली, आठवीत, शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले तेव्हा. उजवा डोळा झाकल्यावर तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा धुरकट. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. डाव्या हातात जसा कमी जोर, तसा डाव्या डोळ्यात कमी दिसत असणार, सगळ्यांचंच असं असेल, अशी माझी प्रामाणिक समजूत! पोर तक्रार का करत नाही याचं उत्तर हेच आहे. दुखत नाही, खुपत नाही, आणि दुसऱ्या कशाशी ताडून बघायची सोयच नसते.

चष्मा लागला, पण फार उशीर झाला होता. डोळा आतून ठणठणीत असतो, गडबड होते ती मेंदूत. दोन डोळे दोन दिशांना बघायला लागले, किंवा दोघांच्या नंबरात खूप फरक असला, की मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो. वापर नाही म्हणून त्या डोळ्याचं मेंदूशी नातं जुळतच नाही. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून हे दाखवलं होतं. डोळा पुन्हा उघडला तरी मेंदू त्याला जुमानेना. मोठ्या मांजरांच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. म्हणजे लहानपणीचा काळच महत्त्वाचा. १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना. मला मात्र कपाबाहेर सांडलेला चहा आणि बॅडमिंटनमधली फजिती मिळाली.

पण खरी गोष्ट पुढची. बऱ्याच वर्षांनी जुना अल्बम चाळताना आई माझ्या बाळपणीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मला दिसायचं गं तेव्हाच. पण सगळे म्हणाले, होईल आपोआप सरळ. मग मी गप्प बसले."

तर, दोन दिवसांनी मी भाचेसुनेला फोन केला. म्हटलं, चुकलं माझं, पानावर सगळ्यांदेखत बोलायला नको होतं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "आत्या, मला दोन महिन्यांपासून दिसतंय. रात्री ती झोपली की मोबाईलवर वाचत बसते. ग्रुपवर फोटोसुद्धा निवडून टाकते."

म्हणजे पुन्हा तेच! चाळीस वर्षांनी, दुसऱ्या घरात, दुसरी आई. तिलाच सगळ्यात आधी दिसलं आणि बोलायची सोय तिलाच सगळ्यात कमी.

आम्ही दोघीच तिला घेऊन मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टॉर्च धरला, दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचे ठिपके नेमके एकाच जागी. एकेक डोळा झाकून पाहिला, थेंब टाकून नंबरही पाहिला. तिरळेपणा नव्हता! बसकं नाक आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर आलेली कातडी, त्यामुळे पांढरा भाग झाकला जातो आणि डोळा आत गेल्यासारखा भासतो. चिमणाळ्याचाही काही दोष नव्हता. माझ्या डोळ्याचा इतिहास ऐकल्यावर मात्र ते म्हणाले, वर्षाची झाली की परत दाखवा, घरात असलं की शक्यता वाढते. बाहेर रिक्षात बसल्यावर ती पोर रडली. पोर म्हणजे भाचेसून. छकुली मजेत होती.

वहिनी अजून म्हणते, "उगाच घाबरवलंस." असेल. पण माझं मत ऐकाल तर, शंका खोटी ठरली तर जाते एक दुपार. खरी असून आपण गप्प बसलो तर जातो एक डोळा. हा हिशोब काही फार अवघड नाही.

पहिले दोन-तीन महिने डोळे अधूनमधून भरकटतात, तेवढ्याने घाबरू नये. पण चार महिन्यांनंतरही दिसलं, किंवा एक डोळा कायमच वळलेला असला, तर दाखवावं. फ्लॅशच्या फोटोत बुबुळात पांढरी चमक दिसली तर अजिबात थांबू नये, क्वचित त्यामागे डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो. नंबरातल्या फरकाने आळसावलेला डोळा तर बाहेरून दिसतच नाही, म्हणून शाळेत घालण्याआधी एकदा तपासणी हवीच. वेळेत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्याने बऱ्याच मुलांचं काम होतं. मोठ्या मुलांनाही थोडाफार उपयोग होतो असं आता दिसलंय, पण जितकं लवकर तितकं बरं.

आणि नातेवाईक मंडळींनो (तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे!), बाळाबद्दल काही वाटलं तर चारचौघांत नको, आईला बाजूला घेऊन विचारा, "तुला कधी असं वाटलं का गं?" बहुतेक वेळा तिला वाटलेलं असतं. कुणीतरी विचारायची ती वाट बघत असते.

पुढच्या महिन्यापासून भाचेसून मला एक फोटो पाठवते, समोरून, फ्लॅश टाकून. खाली एवढंच लिहिते, "आत्या, ठिपके बघा." मी चष्मा लावून बघते. आजवर सगळे जागच्या जागी आहेत.