मिशनऱ्याचा दिवस आणि आपली हेतुसमीक्षा

जानेवारी २०२० मध्ये आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या उस्मानाबादला आणि आताच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड जाहीर झाल्यापासून जो गदारोळ उठला, निषेधाचे आणि धमक्यांचे जे फोन महामंडळाकडे गेले, त्यांची आठवण अद्याप ताजी आहे. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या माणसाला मात्र त्या वादातली एक वेगळीच गोष्ट खटकत राहिली. विरोधकांचे म्हणणे होते की हा धर्मप्रसारक आहे, याला साहित्याच्या व्यासपीठावर स्थान नाही. पाठीराख्यांचे म्हणणे होते की ते लेखक आहेत, वसईच्या पर्यावरणासाठी लढलेले कार्यकर्ते आहेत, धर्मगुरू असणे ही त्यांची खाजगी बाब आहे. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत होते आणि दोघांचेही गृहीतक एकच होते: धर्मप्रसाराचा मराठी वाङ्मयाशी संबंध नाही, निदान नसावा.

हे गृहीतक मराठीच्या वर्गात पहिल्याच सत्रात कोसळायला हवे. मराठी गद्याचा आरंभ आपण ज्या ग्रंथापासून शिकवतो, तो 'लीळाचरित्र' म्हणजे आहे तरी काय? महानुभाव परंपरेनुसार चक्रधर गुजरातेतले, भडोचचे. हा परप्रांतीय पुरुष इकडे आला, इथली भाषा त्याने आपली केली, गोदाकाठच्या गावांतून हिंडत आपले मत सांगितले. तो कोठे उतरला, काय जेवला, कोणाशी काय बोलला, वाटेत काय घडले, हे त्याच्या मागे म्हाइंभटाने शिष्यांच्या आठवणींतून गोळा केले. याला धर्मप्रसारकाची दिनचर्या म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? त्यातले तत्त्वज्ञान ज्यांना पटत नाही तेही ते पुस्तक सोडत नाहीत, कारण त्यात एका माणसाचा दिवस आहे.

येथे आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. चक्रधरांच्या मागे राजसत्ता नव्हती. पाद्र्यांच्या मागे होती. शाळांची अनुदाने, छापखाने, गोऱ्या अधिकाऱ्यांशी ओळखी, शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अन्नाबरोबर आलेला धर्म, हे सारे खरे आहे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी सनावळीही पाहावी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना हाकलून देण्याचे हुकूम काढणारी सत्ता ईस्ट इंडिया कंपनीचीच होती. त्यांचा सहकारी सॅम्युएल न्यूएल आणि त्याची पत्नी हॅरिएट यांना कलकत्त्यातून घालवण्यात आले. नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला हॅरिएट वारली. नवजात मूल तिच्याआधीच गेले होते. तिचे वय एकोणीस. ज्या मराठी मुलखात तिचा नवरा पुढे आला, तो तिने पाहिलाही नाही. सत्तेचा प्रश्न विचारायचा तर तो वर्षागणिक, गावागणिक विचारला पाहिजे. एकदाच विचारून मोकळे होता येत नाही.

आपल्या अभ्यासक्रमात मात्र मिशनरी येतो तो 'टिपा लिहा' या प्रश्नात: मिशनऱ्यांची मराठी भाषेची सेवा. विद्यार्थी लिहितो: कॅरीचे व्याकरण १८०५, मोल्सवर्थचा कोश १८३१, 'ज्ञानोदय' १८४२, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७. मोल्सवर्थ लष्करी अधिकारी होता, मिशनरी नव्हे, हेही त्या टिपेत हरवते. कृतज्ञतेची ही टीप आणि रस्त्यावरचा संशय या एकाच रोगाच्या दोन तऱ्हा आहेत. दोन्हींना फक्त हेतू दिसतो. एकाला सेवेचा, दुसऱ्याला धर्मांतराचा. हेतूवरून मजकुराचा निकाल लावणाऱ्या या पद्धतीला मी हेतुसमीक्षा म्हणतो. तीत माणसाचा दिवस कोठेच नसतो.

दिवसाने काय फरक पडतो हे पाहण्यासाठी मॉर्मन पंथाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यांनी मिशनऱ्याचा दिवस नियमांत घट्ट बांधून ठेवला आहे. अठरा वर्षांचा मुलगा घर सोडतो आणि पंथ पाठवील त्या देशात दोन वर्षे राहतो. खर्च बहुतांशी स्वतःचा किंवा घरच्यांचा. वर्षानुवर्षे ठरलेला क्रम असा की सकाळी साडेसहाला उठायचे, मग व्यायाम, ग्रंथवाचन, नवी भाषा असेल तर तिचा अभ्यास. नंतर दिवसभर दारोदार आणि रस्त्यावर. रात्री साडेदहाला दिवे बंद. बरोबर एक जोडीदार कायम हवा, एकट्याने फिरायचे नाही. छातीवर नावाची पट्टी, तीवर पाळण्यातले नाव नाही. आडनाव आणि त्याआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा. मिसरूड फुटलेल्या पोराला वडीलधारा म्हणण्यातला विनोद त्या पंथाला जाणवत नसावा. घरी फोन करायचा तो २०१९ पर्यंत वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. त्या वर्षापासून आठवड्यातून एकदा करता येतो. आमच्या तालुक्यातली याच वयाची मुले पुण्याच्या अभ्यासिकांत बसतात किंवा कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. घरापासून तुटणे काय असते हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. त्यांना हा मुलगा अगदीच परका वाटू नये.

हाच पंथ महाराष्ट्रातही येऊन गेला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत आला आणि नंतर पुण्याला गेला. त्याचे श्रोते मुख्यतः युरोपीय होते, त्यांतही लष्करातले. काही वर्षांत ते काम आटोपले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याची खूण नाही. निष्ठा कमी होती म्हणून नव्हे. ज्या दिवसाचा बराचसा भाग छावणीच्या भोवती, आपल्याच भाषेच्या माणसांत जातो, तो दिवस भाषेला काही देऊ शकत नाही, तिच्याकडून घेऊही शकत नाही.

त्याच्या शेजारी अमेरिकन मराठी मिशनचा दिवस ठेवून पाहा. त्यात शाळा आहे, बाजारातले प्रवचन आहे, पायी नि बैलगाडीने केलेले दौरे आहेत, पटकी आहे. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीनेच गेला. वय एक्केचाळीस. सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईत आली, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये तेथेच वारली. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी काय घेतले हे सर्वश्रुत आहे. तिने धर्मप्रसारासाठी शाळा काढल्या, हे निर्विवाद. पण जोतीरावांनी त्यांतून धर्म घेतला नाही, शाळा घेतली. हेतू तिचा होता. तिच्या दिवसातून काय उचलायचे ते पाहणाऱ्याने ठरवले. हेतुसमीक्षेला या घटनेचा अर्थ कधीही लावता येणार नाही.

या दिवसातला सर्वांत दुर्लक्षित माणूस मात्र मिशनरी नाहीच. तो आहे त्याला मराठी शिकवणारा शास्त्री. परक्या मुलखातल्या तरुणाला 'ळ' उच्चारायला लावणारा, त्याची वाक्ये दुरुस्त करणारा, स्वतःचा धर्म न सोडता परक्याच्या धर्मग्रंथाचे मराठी तपासून देणारा. त्या मराठीला आपण सरसकट 'मिशनरी मराठी' म्हणतो, तिच्यातल्या अनघड वाक्यांना हसतो, आणि जी वाक्ये उत्तम उतरली ती कोणाची हे विचारत नाही. जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर मराठी संतांची चरित्रे आणि काव्य इंग्रजीत नेले. महीपतीच्या 'भक्तविजया'च्या भाषांतरावर त्यांच्या नावाशेजारी नरहर गोडबोले यांचे नाव आहे, म्हणून निदान एक शास्त्री तरी आपल्याला नावानिशी कळतो. बाकीच्यांचा शोध घेणे हे मराठी विभागांचे काम होते. त्याऐवजी आपण 'योगदान' या शब्दाची चर्चासत्रे भरवली.

दिवसाची दुसरी बाजू पाहायची तर 'स्मृतिचित्रे' हाताशी आहे. ते आपण विनोदासाठी आणि संसारकथेसाठी शिकवतो. पण नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर लक्ष्मीबाईंपुढे उभा राहिलेला प्रश्न ईश्वरविषयक कमी आणि पाण्याचा जास्त होता: कोणाच्या हातचे प्यायचे, कोणाच्या पंक्तीला बसायचे. धर्मांतर नावाची गोष्ट प्रत्यक्षात रोज स्वयंपाकघरात घडते, हे त्या पुस्तकाइतके स्वच्छ दुसरीकडे कोठे दिसत नाही. धर्मांतरावर आवेशाने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांच्या वक्त्यांना ते वाचण्याची सक्ती करावी, असा एक अव्यवहार्य विचार अधूनमधून मनात येतो.

आता पुन्हा दिब्रिटोंकडे. ते वसईचे, म्हणजे कोठून आलेले नव्हते. तरी मिशनऱ्याविषयीचा सारा जुना संशय त्यांच्या पदरी आला. त्यांचे धर्मगुरूपण बाजूला ठेवा, असे सांगणाऱ्यांनी त्यांच्यावर उपकार केले असे मला वाटत नाही. त्यांचे गद्य घडले ते चर्चच्या दिवसात: रविवारची प्रवचने, 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, आजाऱ्याच्या उशाशी बोलायचे शब्द. 'सुबोध बायबल'ला भाषांतरासाठीचा २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पुस्तक धर्मगुरूने धर्मासाठी केलेले काम आहे आणि म्हणूनच मराठी गद्याच्या इतिहासातले काम आहे. जुन्या मराठी बायबलची वाक्यरचना त्यांनी कोठे मोडली, कोठे राखली? संतांच्या शब्दकळेतले काय घेतले, काय टाळले? स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ने १६१६ मध्ये ओवी स्वीकारली. चारशे वर्षांनी दिब्रिटोंचे गद्य त्या वाटेपासून किती लांब आले? संमेलनाच्या आधी चार महिने वाद चालला. त्यात यांपैकी एकही प्रश्न माझ्या वाचनात आला नाही. जुलै २०२४ मध्ये ते वारले, तेव्हाच्या मी वाचलेल्या मृत्युलेखांतही त्यांचा सौम्य स्वभाव होता, हरित वसई होती, वाक्य नव्हते.