चष्मा सुटला, पण थेंब?

सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की होस्टेलवर एक विषय हमखास निघतो. 'या सुट्टीत चष्मा काढून टाकायचा!' आठवडाभर घरी आराम, आईच्या हातचं जेवण आणि कॉलेज उघडताना बिनचष्म्याचा नवा डीपी. प्लॅन झकास आहे. फक्त तो आठवड्याचा नाही, सहा महिन्यांचा आहे, आणि हे तुम्हाला कुणीतरी आधी स्पष्ट सांगायला हवं.

लेसर म्हणजे लॅसिक, असं आपण धरूनच चालतो. पण कॉर्निया, म्हणजे डोळ्यापुढची पारदर्शक काच, पातळ असेल तर डॉक्टर बऱ्याचदा पीआरके सुचवतात. यात पापुद्रा कापून उचलत नाहीत. वरची नाजूक त्वचाच काढून टाकतात आणि खालच्या थराला लेसरने आकार देतात. (हा एक्सायमर लेसर जिवंत पेशी न भाजता नेमकं कापतो, हे मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगास्वामी श्रीनिवासन यांनी 1981 मध्ये पाहिलं. कशावर? सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर!)

मग डोळ्यात बँडेज लेन्स. तीन ते पाच दिवस चुरचुर, पाणी, उजेड नकोसा. त्वचा भरून येते, लेन्स निघते आणि आपण म्हणतो, 'झालं बरं.' इथेच गंडतं. वरची जखम मिटली तरी खालच्या पेशी अजून कामाला लागलेल्याच असतात. त्यातल्या काही रूप बदलतात, पारदर्शकपणा घालवतात आणि वेडावाकडा कोलॅजेन विणत बसतात. काचेवर धुकं धरावं तसं दिसायला लागतं. यालाच हेझ म्हणतात. गुडघा फुटल्यावर व्रण राहिला तर पँट घालून लपवता येतो. डोळ्याला ती सोय नाही.

बहुतेकांचा हेझ हलका असतो आणि काही महिन्यांत विरतो. पण नंबर उणे सहाच्या पुढे असेल तर धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनच्या वेळीच मायटोमायसिन-सी नावाचं औषध काही सेकंद लावतात. नंतर स्टेरॉइडचे थेंब, हळूहळू कमी करत, काही आठवडे ते काही महिने. आणि उन्हात गॉगल. तो स्टाइलसाठी नाही, अतिनील किरणांनी हेझ वाढतो म्हणून.

आता आपण काय करतो? छान दिसायला लागलं की थेंब बंद. नाहीतर उलटं: डॉक्टरांना न दाखवता मेडिकलमधून तीच बाटली पुन्हा पुन्हा. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि तो दुखत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतच नाही.

पण सगळा दोष आपल्यावर टाकणं मला पटत नाही. काउंटरवर पॅकेज, डिस्काउंट, ईएमआय सगळं तोंडपाठ असतं. सहाव्या महिन्याच्या तपासणीबद्दल मात्र आपण विचारलं तरच उत्तर मिळतं. तेव्हा विचाराच. माझ्या डोळ्याला लॅसिक की पीआरके, आणि का? थेंब किती दिवस? दाब कधी तपासणार? भरती द्यायची असेल तर त्या जाहिरातीतला लेसरचा नियम आधी वाचून जा. आणि कॉलेज पुण्यात, घर नांदेडला असेल, तर पुढच्या तपासण्या कुठे करायच्या, हे पैसे भरायच्या आधी लिहून घ्या.