पत्रा का वाजतो?

गावच्या घराची कौलं काढून आम्ही पत्रे घातले आणि आईची झोपच उडाली. दिवस मावळला की वर टण्ण, कडाड्! "वर कुणीतरी चालतंय रे," फोनवर म्हणाली. पत्रेवाला म्हणाला, नट आणखी आवळून देतो.

मंडळी, माझ्या मते हाच उपाय चुकीचा. पोलादाचा पत्रा मीटरमागे, दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतो. ६ मीटरचा पत्रा पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी जास्त तापला की झाले २ मिलिमीटर! संध्याकाळी तेवढंच आकसायचं, पण नटबोल्टनी धरून ठेवलेलं. ताण साठत जातो, घर्षण हरलं की पत्रा झटक्यात सरकतो. तोच आवाज. (आमचं सॉफ्टवेअरही असंच, शुक्रवारपर्यंत शांत. असो.) फार आवळलं तर वॉशर चेपतो, भोक फाकतं आणि पावसाळ्यात गळती. भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं ठेवा, वर चांगला रबरी वॉशर. बस्स.

वासा वाकलेला किंवा नवी भेग दिसली तर मात्र लगेच सुताराला बोलवा.

आईला हे सगळं सांगितलं. "म्हणजे पत्राच ना नक्की?" एवढंच विचारलं तिनं. नट आवळू दिले नाहीत.