आधी प्रश्न आमचा घ्या, मग बक्षीस द्या



डिसेंबर-जानेवारी आला की तालुक्या-तालुक्याला शाळांची विज्ञान प्रदर्शने भरतात. मांडव पडतो, फीत कापली जाते, हारतुरे होतात. त्याच दिवसांत आपल्या शिवारात कापसाची वेचणी अडलेली असते. रब्बीची ज्वारी निसवलेली असते आणि पाखरे हाकायला माळ्यावर माणूस मिळत नाही. मांडवात लेकरे 'समस्येवर उपाय' मांडतात, पण त्या मांडवात आपली एकही समस्या नसते. हे असे का, याचा जाब विचारायची वेळ आली आहे.

पहिला जाब आम्ही स्वतःला विचारतो. आम्ही शेतकीचे पदवीधर, म्हणून अशा प्रदर्शनांना आम्हाला परीक्षक म्हणून बोलावतात. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका शाळेत असेच गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीने जुन्या पोत्याची झोळी आणि सायकलच्या ट्यूबचे पट्टे करून आणले होते. वेचणीच्या वेळी बाया कापूस कमरेच्या ओटीत भरतात, त्याचे सगळे ओझे कमरेवर येते. या झोळीने ते दोन्ही खांद्यांवर जात होते. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटे फाटतात, म्हणून तिने ट्यूबच्याच टोपड्या बोटांसाठी कापल्या होत्या. आम्ही विचारले, "बाळ, तक्ता कुठाय?" तक्ता नव्हता. शेजारी थर्माकोलचे 'आदर्श गाव' होते, त्यात दिवे लागत होते. आम्ही पहिला नंबर त्या दिव्यांना दिला आणि मुलीला उत्तेजनार्थ. जाता जाता ती म्हणाली, "आईनं दोन वेचण्या ह्याच्यावरच केल्या, सर." म्हणजे ज्या वस्तूची परीक्षा शेतात होऊन गेली होती, तिला आम्ही मांडवात नापास केले. ही चूक आमची, आणि ती आम्ही छापून कबूल करतो.

आता योजनेकडे पाहू. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर-मानक' नावाची योजना आहे. सहावीपासून पुढच्या मुलांनी आपली मूळ कल्पना कळवायची. निवड झाली तर प्रतिकृती करण्यासाठी १० हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. देशभरातून सुमारे एक लाख कल्पना निवडायच्या, त्यांतून राज्य पातळीला १० हजार, राष्ट्रीय पातळीला एक हजार आणि शेवटी ६०, अशी ही चाळणी आहे. कल्पना नवी आहे का, समाजाच्या उपयोगाची आहे का, वापरायला सोपी आहे का, या कसोट्याही लिहिलेल्या आहेत. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. आम्ही या योजनेच्या विरोधात नाही. आमचे भांडण तिच्या गावापर्यंत पोहोचण्याच्या रीतीशी आहे.

गावात होते काय? मुदतीचा शेवटचा आठवडा आला की मास्तर वर्गातल्या पाच हुशार मुलांची नावे घेतात. कल्पना मोबाईलवरून उतरवली जाते. प्रतिकृती शहरातल्या दुकानातून येते किंवा नात्यातला कोणी शिकलेला माणूस करून देतो. मग तीच स्वयंचलित कचरापेटी, तोच सेन्सरचा दिवा. लेकराला पाठ करावे लागते ते भाषण. मास्तरांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या डोक्यावर माहिती भरण्याची इतकी कामे आहेत की शोधासाठी सवड कुठून आणावी? पण पाठ केलेल्या भाषणाला शोध म्हणायचे, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

शोध कसा लागतो ते चंद्रपूर जिल्ह्यात पाहा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण जेमतेम प्राथमिक, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या रंगरूपाच्या थोड्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्ष निवडत नेल्या. त्यातून 'एचएमटी' तांदूळ निघाला, तो राज्याबाहेरही गेला. १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' नावाने वाण प्रसारित केले. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. पण श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, ही त्यांची तक्रार होती. जून २०१८ मध्ये ते वारले, तेव्हा उपचाराच्या पैशाचीही ओढाताण होती. यातून दोन गोष्टी घ्या. शोध एका दिवसाच्या मांडवात लागत नाही, तो हंगामांवर हंगाम बघत राहिल्याने लागतो. आणि सत्कार म्हणजे हक्क नव्हे. शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येते, तसा कायदा २००१ साली झाला आहे. किती शाळांत हे सांगितले जाते?

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतले संशोधन सोडले आणि १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली पोरे तिथे वेल्डिंग, वीज, बांधकाम, शेती, सगळे हाताने शिकली. त्यांची कामे गावाच्या उपयोगी पडली, आणि हाच अभ्यासक्रम पुढे कितीतरी माध्यमिक शाळांत आठवड्यातला एक दिवस शिकवला गेला. तिथे लेकराच्या कामाची परीक्षा गाव घेत असे. आमची मागणी याहून मोठी नाही.

आपल्या जिल्ह्यात विज्ञान नाही असे कोण म्हणेल? औंढ्याजवळ 'लायगो' प्रयोगशाळा उभी राहत आहे. २०२३ साली केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून ती आकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. आम्हाला याचा अभिमान आहे. पण ज्या जिल्ह्यात अणूहूनही बारीक हालचाल मोजायचे यंत्र येते, त्या जिल्ह्यात वेचणाऱ्या बाईच्या कमरेवरचे ओझे कोणी मोजू नये? रानडुकराने मोडलेली ज्वारी कोणी मोजू नये?

एक बाप आम्हाला बैठकीत म्हणाला, "पोरगं मातीतून सुटावं म्हणून शाळेत घातलं. तुम्ही पुन्हा मातीतच लोटता का?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे. आम्हाला लेकराची मजुरी नको. वेचणीसाठी शाळा बुडवणे आम्हाला मुळीच मान्य नाही. आम्हाला त्याची नजर हवी. पोर उद्या इंजिनीयर होवो की कापूस पिकवो, 'हे असे का होते?' हा प्रश्न त्याला विचारता आला पाहिजे. हा प्रश्न विचारणाऱ्याला फसवणे अवघड असते, मग समोर बियाण्याचा दुकानदार असो की औषधाचा.

म्हणून आम्ही जिल्हा बैठकीपुढे पाच गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक गावाने मृगाच्या आधी आपल्या अडचणींची वही करून शाळेला द्यावी. पऱ्हाटी उपटताना पाठ मोडते, फवाऱ्याचे औषध अंगावर उडते, कडब्याची गंज भिजते, अशी साध्या शब्दांत एकेक अडचण लिहावी. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली, हे विसरू नका.

दुसरी, मुलांनी केलेली वस्तू निदान एक हंगाम कुणाच्या तरी वावरात वापरून पाहावी. फसली तरी का फसली ते लिहावे. त्या लिहिण्याला गुण द्यावेत.

तिसरी, परीक्षकांत निम्मे वापरणारे असावेत, आणि त्यांत बाया असाव्यात. वेचणी, निंदणी, खुरपणी करणारीला न विचारता अवजाराला नंबर देऊ नये.

चौथी, विकत आणलेली प्रतिकृती बाद करावी. पोत्याची चालेल.

पाचवी, बक्षिसानंतर काय, याची जबाबदारी ठरवावी. वस्तू उपयोगाची ठरली तर गावच्या लोहार-सुताराकडून दहा नग करून घ्यावेत आणि त्यावर करणाऱ्या लेकराचे नाव घालावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ती तपासावी आणि लेखी मत द्यावे.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. भावाचा प्रश्न झोळीने सुटत नाही. कापूस घरात आला की दर का पडतो, याचे उत्तर सातवीतल्या पोरीने द्यायचे नाही. ते सरकारने द्यायचे आहे. पोरांच्या शोधांची आरास मांडून कोणी त्या प्रश्नाला बगल देऊ पाहील, तर त्यालाही आपण ओळखून असू.

त्या मुलीला आम्ही दिलेला उत्तेजनार्थचा कागद एव्हाना फाटला असेल. पुढच्या वेळी असे व्हायचे नसेल, तर बैठकीला येताना आपल्या गावाची वही घेऊन या.