जुना फ्लॅट विकताय? बेडरूमच्या खिडकीचे ग्रिल आतून उघडते का, आधी पाहा

निगडी, यमुनानगर, संभाजीनगर, पिंपरी. कारखान्यांबरोबर वाढलेल्या या भागांतल्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांमधले फ्लॅट आता पुनर्विक्रीला येत आहेत. व्यवहारात काय तपासतात? इंडेक्स टू, कर्जाचा बोजा, सोसायटीची थकबाकी, प्राधिकरणाची मिळकत असेल तर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची कागदपत्रे. गळती दिसली तर भाव पाडला जातो. बेडरूमच्या खिडकीकडे मात्र ऊन-वारा येतो का, एवढ्यापुरतेच पाहिले जाते.

खरे तर आग लागली तर ही खिडकी घराचा दुसरा दरवाजा असते. या इमारतींत जिना बहुधा एकच. वीजमीटर जिन्याखाली, शेजारी दुचाकी उभ्या. मीटरबोर्ड पेटला तर गरम धूर वर जातो आणि जिना धुराड्यासारखा काम करतो. दार उघडले की धूर घरात. अशा वेळी दार लावून, फटीत ओले कापड कोंबून खिडकीशी थांबायचे आणि तिथून सुटका व्हायची. पण खिडकीला वेल्डिंग केलेले अखंड ग्रिल असेल तर जवानांना आधी ते कापावे लागते.

बाहेर पडायला दुसरी वाट नसली की काय होते, हे शहराने पाहिले आहे. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीजवळच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि पोटमाळ्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला.

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार बसवलेली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारांची आहे. परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, पण ती खांब-तुळयांची. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त पाहतात, घर नाही. महारेराचा भर नव्या प्रकल्पांवर. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५५ विक्रेत्याला दोष उघड करायला सांगते खरे, पण साध्या पाहणीत न दिसणारे. ग्रिल तर समोरच दिसते! थोडक्यात, विक्रीच्या वेळी खिडकी तपासणे कुणाचेच काम नाही.

अमेरिकेत प्रचलित असलेल्या निवासी बांधकाम संहितेत झोपण्याच्या खोलीला आपत्कालीन वाट लागते: किमान ५.७ चौरस फूट मोकळी जागा, २० इंच रुंदी, २४ इंच उंची आणि जमिनीपासून कठडा ४४ इंचांपेक्षा उंच नको. गज लावता येतात, पण ते किल्ली किंवा हत्याराशिवाय आतून उघडले पाहिजेत. ही शेवटची अट आपल्याकडे उचलायला काहीच हरकत नाही. आम्ही तर म्हणू, महापालिकेने ती पुनर्विक्रीच्या वेळी सोसायटीच्या कागदपत्रांतच आणावी.

ग्रिल काढून टाका, असे कुणी म्हणणार नाही. चोरीची भीती खरी आहे आणि लहान मूल खिडकीतून पडण्याची त्याहून खरी. उपाय सोपा आहे. फॅब्रिकेटरकडून ग्रिलचा एक भाग बिजागरीवर करून घ्यायचा, माणूस सहज बाहेर निघेल एवढा. कडी आतून, लहान मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच. कुलूप नकोच, अंधारात, धुरात किल्ली सापडत नाही. अनेक घरांत असा झरोका असतोही, पण रंगाचे थर आणि गंज यांनी तो चिकटलेला असतो. पुढे कूलर किंवा पलंगाची पाठ असते, ते वेगळेच.

चाकण पट्ट्यात, खराबवाडी-महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांत तर बऱ्याचदा एकच खिडकी, तीही दाराच्याच भिंतीला. तिथे ग्रिल बदलून भागत नाही. मागच्या भिंतीत वाट काढावी लागेल आणि तो खर्च मालकाचा आहे.

खरेदीदारांनी साठेखत करण्यापूर्वी प्रत्येक बेडरूमचे ग्रिल स्वतः उघडून पाहावे. उघडत नसेल तर दुरुस्ती कोण करणार आणि ताब्याआधी की नंतर, हे साठेखतातच लिहून घ्यावे.